डोळे राहिलेली लक्ष्मी

१

निपाणीच्या बाहेर, तंबाखूची शेतं संपून कोल्हापूरचा रस्ता वळण घेतो, तिथं भरमू पाथरवटाचं छप्पर होतं. त्याखाली तीन म्हातारे दगड घडवत बसायचे आणि दगडापेक्षा एकमेकांची डोकी जास्त फोडायचे. रस्त्यानं जाणारा गाडीवान लांबूनच ओळखायचा, आज कामावर कोण कोण आहे. कारण ठोका ज्याचा त्याचा. तम्मण्णाची छिन्नी सोनाराच्या हातोडीसारखी बारीक चालायची. नागोजी एक घाव घालायचा, मग जरा विचार करायचा, मग दुसरा. घरधनी भरमू संथ होता. त्याचा ठोका ऐकत माणसाला झोप लागावी.

उन्हं पायरीवर आली की तिघे हत्यारं खाली ठेवत, भाकरी सोडत, आणि पहिला घास पोटात गेला की भांडण सुरू. भांडण वर्षानुवर्षं एकच. कुठलं शिल्प थोर?

"देवाची मूर्ती," तम्मण्णा म्हणायचा. त्यानं आजवर देवच घडवले होते. "बाकी सगळं दगडकाम."

"तुझा देव बसतोय गाभाऱ्यात अंधारात," नागोजी घास तोंडात ठेवूनच बोलायचा. तो पाटे-वरवंटे आणि जाती करायचा. "वर्सातनं एकदा तू तरी जातोस का रं त्याच्याकडं? माझा पाटा बघ. रोज उठून बाया त्याच्यासमोर वाकत्यात. न सांगता!"

"पाटा म्हणजे शिल्प व्हय? मग धुण्याचा दगड बी शिल्प म्हण!"

"म्हणतो की! लई थोर शिल्प. सगळ्या गावाचा मळ झेलतोय आणि वर कुणाकडं निवद मागत न्हाय."

भरमू घडवायचा मेलेल्यांच्या आठवणीचे दगड. वर चंद्रसूर्य, खाली हात जोडलेलं माणूस. वादात तो एवढंच म्हणे, "तुमचं दगड बघायला माणसं येत्यात. माझ्या दगडापाशी रडायला येत्यात." मग बाकीचे दोघे भाकरीचा तुकडा मोडत आणि पुन्हा पेटत.

अलीकडं मात्र हे भांडण फार चढायला लागलं होतं. श्रावणापासून दोघांचे आवाज रस्त्यापलीकडं जात. एकदा तर बैल बुजले.

त्या दुपारी ऐन रंगात तम्मण्णाला ठसका लागला. नागोजी पाणी द्यायला उठला. छपराखाली थोडी शांतता झाली, आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून आवाज आला.

टक टक... टाक.

दोन हलके, एक जड.

भरमूनं समोर पाहिलं. तिघांच्या छिन्न्या तिघांसमोर पडल्या होत्या.

"आणि जातं?" नागोजी एकदम ओरडला. पाण्याचा तांब्या हातातच होता. "जात्याचं काय म्हणतोस मग, आं? बोल की रं तम्मण्णा!"

तम्मण्णा खोकता खोकताच बोलू लागला. भरमू गालातला घास तसाच धरून बसला. सुतारपक्षी असंल, तो मनाशी म्हणाला. परसातल्या लिंबावर असतोय एकेक.

२

मागच्या खोलीत लक्ष्मी उभी होती. गोणपाटाखाली.

भरमूच्या लेकानं, रवळूनं ती घडवायला घेतली होती. खानापूरच्या रानातल्या एका गावाची ती गावदेवी. रवळूचा हात असा, की तम्मण्णासारखा खवट माणूसही त्याच्या मागं उभा राहून उगाच पंचा झटकायचा, म्हणजे कौतुक न दाखवता बघता यावं. घाव घालायची रवळूची रीत निराळी. दोनदा हलकं वाजवायचा, तिसऱ्यांदा जोरात. "दोनदा इचारायचं दगडाला," तो म्हणायचा, "मग मारायचं."

म्हाताऱ्यांच्या वादात त्यानं तोंड घातलं ते एकदाच. "तुम्ही तिघं बी चुकताय," असं हसत म्हणाला. "जिच्याकडं आपण बघतो तिचं काय एवढं? जी आपल्याकडं बघती, ती थोर." नागोजीनं त्याला भाकरीचा तुकडा फेकून मारला होता.

गेल्या साली मानमोडीचा ताप आला. निपाणीत सरण रचायला माणसं उरली नाहीत. भरमूच्या घरातून तापानं एकालाच नेलं, पण ते रवळूला. लक्ष्मी तेव्हा पुरी झाली होती. बोटांची नखं, नथीचा मोती, निऱ्या, सगळं. राहिले होते फक्त डोळे.

डोळे शेवटी उघडायचे, ही या कामातली रीत. मूर्तीला पहिला घाव ज्यानं घातला, त्याच्याच हातानं डोळे उघडायचे. आणि उघडताना समोर आरसा धरायचा, कारण पहिली नजर जड असते. ती आरशावर पडावी, माणसावर नको. माणसावर पडली तर काय होतं, हे कुणाला माहीत नव्हतं. तसं कुणी होऊच दिलं नव्हतं. आणि पहिला घाव घालणाराच गेला, तर ती मूर्ती आंधळीच नदीला द्यायची.

त्या गावाकडून आण्णाप्पा पाटील दोनदा येऊन गेले. "भरमू, आमचं देऊळ रिकामं हाय रं. बापाचा हात म्हणजे पोराचाच हात. तूच उघड की डोळं."

भरमूनं छिन्नी हातात घेतलीही होती. पण परत खाली ठेवली. घाव वाकडा गेला असता तर रवळूचं शेवटचं काम बापानंच नासलं असतं. तम्मण्णानं मग निवाडा केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मी वेदगंगेत सोडायची. भरमू हो म्हणाला. म्हणाला खरा, पण तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. लेक एकदा पोचवून झाला होता. आता पुन्हा पोचवायचा होता.

मागच्या खोलीत तो जात नसे. झाडलोट त्याची बायको मालुबाई करायची. ती कुणाला आत जाऊही देत नसे.

३

दुसऱ्या दिवशी मालुबाई बाजाराला गेली तेव्हा भरमू मागच्या खोलीत शिरला.

खोली म्हणजे तीन भिंती आणि एक झरोका. उजेडाची एक पट्टी गोणपाटावर पडली होती. कोपऱ्यात रवळूची हत्यारं त्यानं ठेवली होती तशीच होती. वर कोळिष्टकं. म्हणजे कुणी हात लावलेला नाही. भरमूला जरा बरं वाटलं.

मग त्यानं खाली पाहिलं. मूर्तीच्या पायाशी पांढुरकी पूड पडली होती. काळा दगड ताजा कोरला की अशीच पूड पडते. त्यानं चिमूट उचलून बोटांत चोळली. ती ताजी होती.

भिंतीचा चुना असंल. उंदीर असतील. म्हातारपणी माणूस काहीही ऐकतो आणि काहीही चोळतो. असं सगळं स्वतःला सांगून झाल्यावर त्यानं गोणपाट वर केलं.

डोळे होते तसेच होते. मिटलेले नाहीत, उघडे नाहीत. नुसते गुळगुळीत फुगीर दगड. बाहुली नाही, रेघ नाही. भरमूला सुटल्यासारखं झालं, आणि सुटल्यासारखं झालं म्हणून रडू आलं. कुणी आलंबिलं नव्हतं.

त्यानं लक्ष्मीच्या गालावरून हात फिरवला, मग डाव्या डोळ्यावरून. बोट किंचित चिकटलं. हुंगलं तर देवळात येतो तसा वास.

घामच, तो म्हणाला, आणि गोणपाट नीट करून बाहेर आला.

४

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. छपरातल्या सगळ्या छिन्न्या, हातोड्या, टाक्या धुऊन पाटावर मांडल्या. भरमूनं कोपऱ्यातली रवळूची हत्यारंही आणली. मालुबाईनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, सगळ्यांना मिळून एक दोरा बांधला. दसऱ्याच्या सकाळपर्यंत तो सोडायचा नाही. त्या दिवशी निपाणीच्या पंचक्रोशीत दगडाला लोखंड लागत नाही.

कडाकण्या खाऊन तिघे पायरीवर बसले. हाताला काम नाही, त्यामुळे तोंडाला ऊत.

"मरताना कुणी म्हणतंय का रं, मला पाटा दाखवा?" तम्मण्णा म्हणाला. "देवाचंच तोंड आठवतंय माणसाला."

"आणि जन्मताना? बाळंतिणीचं वाटण देवाच्या डोसक्यावर वाटत्यात व्हय?"

टक टक... टाक.

भरमूची मान वळली. दोरा बांधलेली हत्यारं पाटावर होती. त्यांवरची फुलंही हलली नव्हती.

"शेवटी माणूस देवळाकडंच जातोय!" तम्मण्णाचा आवाज चढला.

"जाऊ दे की! येताना भूक लागून माझ्या जात्याकडंच येतोय!" नागोजी त्याहून मोठ्यानं.

टक टक... टाक. टक टक... टाक.

"देव!"

"जातं!"

"देव रं, देव!"

दोघे एकमेकांकडं तोंड करून ओरडत होते, पण डोळे भरमूवर होते. नागोजीच्या मानेची शीर टरारली होती आणि गालावरून पाणी ओघळत होतं. भरमू दोघांकडं बघत राहिला. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं.

"तुम्हाला बी ऐकू येतंय," तो म्हणाला.

तम्मण्णा गप्प झाला. नागोजी आणखी दोन शब्द ओरडला आणि मग त्याचाही आवाज बसला.

"श्रावणापासनं येतंय," नागोजी म्हणाला. "मग आम्ही काय उगाच कोकलतोय व्हय रं? म्हटलं, बापाच्या कानावर पडायला नको."

तिघे बसून ऐकत राहिले. दोनदा विचारणं, एकदा मारणं. मग भरमूच्या कानाला एक गोष्ट लागली, जी फक्त त्यानंच ओळखली असती. त्यानंच त्या पोराच्या हातात पहिली छिन्नी दिली होती. दोन हलक्या ठोक्यांनंतर जडाला उशीर होत होता. हात उचलायला जड जात असावा, तसा. मध्येच थांबणं. मग पुन्हा.

"दमलाय रं," भरमू म्हणाला. "पोरगं दमलंय."

तो उठला आणि आत गेला. ठोका तो उंबऱ्यावर पोचेपर्यंत चालू होता.

खोलीत कुणी नव्हतं. गोणपाट खाली पडलं होतं. लक्ष्मीचा डावा डोळा उघडला होता. पण नुसता उघडला नव्हता. तिथं खोल खळगा झाला होता, अर्धं बोट आत जाईल एवढा. पापणीच्या कडा पुन्हा पुन्हा कोरून झिजल्या होत्या. आणि त्या खळग्याच्या तळाशी अगदी नेटकी, रवळूच्याच हातची बाहुली होती. उजव्या डोळ्याची पहिली रेघ ओढून अर्ध्यावर सोडली होती. पूड अजून हवेत तरंगत होती.

त्या दिवशी इथं गुळगुळीत फुगीर दगड होता. भरमूनं बोट फिरवून पाहिला होता.

५

दिवस कलला तसा तो परसात गेला. चुलीपाशी मालुबाई बसली होती. कढल्यात राळ वितळत होती, आणि ती शेजारच्या वाडग्यातली पूड चिमटीनं त्यात सोडत होती. दगडाचा टवका उडाला तर पाथरवट असंच बुजवतात. राळ, थोडं मेण आणि त्याच दगडाची पूड. वाळून घासलं की जोड कुठं आहे ते बनवणाऱ्यालाही कळत नाही. पाथरवटाच्या घरात जन्म काढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

भरमू तिच्यासमोर बसला.

"कधीपासनं गं?"

"नागपंचमीला पहिल्यांदा डोळा दिसला मला," ती ढवळत म्हणाली. "म्हटलं, आलाय. काम राहिलंय म्हणून आलाय. मग म्हटलं, काम झालं की जाईल."

"म्हणून रोज बुजवतीस."

"रोज संध्याकाळी. तो दुपारी कोरतोय, मी संध्याकाळी भरती. चाललंय की आमचं." ती जरा हसलीही. "तुमच्या भांडणात कुणाला ऐकू जात न्हाय."

"मालू, नदीला द्यायचं ठरलंय. मग काय करणार हुतीस?"

"पाण्यात बी येईल. मी जाईन तिथं राळ घेऊन."

 भरमूनं चुलीतली एक काटकी घेतली आणि कढल्याच्या काठावर वाजवली. दोन हलके. मग हात वरच धरला. धरून ठेवला. हात दुखेपर्यंत धरून ठेवला, आणि मग तिसरा ठोका टाकला.

"असा वाजतोय आता त्याचा," तो म्हणाला. "तू ऐकतीस, पण तू आनंदानं ऐकतीस. मी पाथरवट हाय गं. बुजवलेलं भरण काढायचं, पुन्हा डोळा धरायचा, पुन्हा तेच. रोज. आपण बी दमून निजतो की रात्री. त्याला निजायचं हाय."

मालुबाईनं कढलं उतरवलं. राळ थंड होऊन वर साय धरेपर्यंत ती कढल्याकडं बघत होती. मग तिनं ती ओतली नाही, भरलीही नाही. पदरानं हात पुसले.

"बरं," ती म्हणाली. "पण आरसा धरायचा न्हाय."

"मालू..."

"मानमोडीत शेवटला त्याला डोळं उघडता येत नव्हतं. मी उशाला हुते, तर विचारायचा, आई, हायस का गं? हायस का? मी हाय म्हणायची, पण त्यानं बघितलं न्हाय मला. बघायचं राहिलंय त्याचं."

६

दसऱ्याच्या दुपारी, दोरा सुटल्यावरही, छपराखाली कुणी छिन्नी उचलली नाही. तिघे पायरीवर बसले. कुणी भांडलं नाही. मालुबाई न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून आत गेली आणि लक्ष्मीसमोर मांडी घालून बसली. गोणपाट तिनंच काढून घडी करून मांडीवर घेतलं. दारातून भरमूला तिची फक्त पाठ दिसत होती.

ठोका आला. दोन हलके, एक जड. आज उशीर होत नव्हता. सरळ चालला होता, मग जरा जलद, मग आणखी जलद. काम हाताशी आलं की रवळू नेहमी असाच घाई करायचा आणि बापाच्या शिव्या खायचा.

"हळू रं," भरमू पुटपुटला.

टक टक.

तिसऱ्याची तिघांनी वाट पाहिली. तो आलाच नाही.

भरमू उठला, पण तम्मण्णानं त्याला जाऊ दिलं नाही. दंडाला धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं आतून मालुबाईचा आवाज आला, अगदी रोजचा. "या की आत. हात द्या मला. वाट दिसत न्हाय."

भरमू आत गेला. झरोक्यातून उन्हाची पट्टी तिच्या तोंडावर पडली होती. ती हसत होती. गालावर दगडाची पूड होती. तिचे डोळे उघडे होते, त्यानं पुढं शपथेवर सांगितलं तसे, पण त्यांत बाहुली नव्हती, रेघ नव्हती. नुसतं गुळगुळीत काहीतरी. एवढंच त्याला दिसलं, कारण त्यानं लगेच तिचा पदर तिच्या तोंडावर ओढला. लक्ष्मीकडं त्यानं मान वर करून पाहिलंच नाही.

"बघितलं का त्यानं तुला?"

"बघितलं की. पोटभर." मग जरा थांबून, "मला काय त्याला बघता आलं न्हाय ओ."

७

बेळगावच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू म्हणून सांगितलं. दोन्ही डोळ्यांना एका दिवसात कसा, असं नागोजीनं विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, वयच तसं. भरमूनं ते मानलं. माणसाला काहीतरी मानावं लागतंच.

लक्ष्मी नदीला गेली नाही. ज्याचा घाव होता त्यानंच डोळे उघडले होते, तेव्हा तम्मण्णाला बोलायला जागा राहिली नाही. आण्णाप्पा पाटील वाजतगाजत गाडी घेऊन आले आणि मूर्ती खानापूरच्या रानात गेली. तिकडचे लोक सांगतात, देवी जागृत आहे, पण तिच्यापुढं फार वेळ उभं राहवत नाही. भीती नाही वाटत. जत्रेत पोर हरवलेली बाई गर्दीतल्या एकेकाचं तोंड न्याहाळत जाते ना, तशी ती बघते. तुमच्या तोंडावरून नजर फिरते आणि पुढं जाते. तुम्ही तो नव्हे, एवढंच तुम्हाला कळतं, आणि उगाच अपराध्यासारखं वाटतं.

छपराखाली दुपारी आता शांतता असते. कधी मालुबाईच आतून म्हणते, "भांडा की रं जरा. घर खायला उठतंय." मग नागोजी पाट्याचं नाव काढतो, तम्मण्णा देवाचं काढतो, दोन वाक्यं होतात, आणि दोघेही बोलता बोलता थांबून कान देतात. काही येत नाही.

दिवेलागणीला भरमू चूल पेटवतो. मालुबाई भिंतीला टेकून बसते, अंध डोळे दक्षिणेकडं, खानापूरच्या रानाकडं लावून. पहिल्या दिवशी तो दचकला होता. आता सवय झाली.

"समईत तेल कमी घातलंय पुजाऱ्यानं," ती म्हणते. "वात चरचरतीया."

भरमू चुलीतली लाकडं सारतो. भाकरी थापत राहतो.

"आज लई माणसं आलती. एक म्हातारी आली काठी टेकत. नवी नवरी आली, तिचा नवरा बाहेरच थांबला. पाटलाचं थोरलं पोरगं आलं. मग पावसानं कुणी आलं न्हाय."

पुढचं तो कधी विचारत नाही. तिला ते ठाऊक असतं. ती मान जराशी पुढं काढते, जणू देवळाचं दार ओढून घेताना शेवटच्या फटीतून बाहेरच्या वाटेवर कुणी आहे का बघते आहे.

"न्हाय आला," ती म्हणते. "उद्या बघते."